आतड्यातील जिवाणू आणि मधुमेह

पंगतीनंतर टाकलेले उष्टे अन्न खाऊन गाय दगावल्याचा प्रसंग ज्या गावाने पाहिला नाही, असे गाव विरळाच. लग्नाचा मांडव उठतो, उरलेला भात आणि पुरणाच्या पोळ्या उकिरड्यावर जातात, एखादी मोकळी गाय ते पोटभर खाते. आणि दुसऱ्या दिवशी ती वैरणीला तोंड लावीत नाही, रवंथ करीत नाही, आणि पशुवैद्यक येईपर्यंत आडवी होते. अन्नात विष नव्हते. तेच अन्न माणसे जेवून गेली होती. मग गाय का मेली? ह्याचे उत्तर असे की, गाय कडबा स्वतः पचवीत नाही. तिच्या कोठीपोटात राहणारे असंख्य सूक्ष्म जिवाणू तो पचवितात आणि त्यांनी तयार केलेल्या आम्लांवर गाय जगते. तिला लागणाऱ्या शक्तीपैकी सुमारे सत्तर टक्के शक्ती ह्या आम्लांतून मिळते. कडब्याऐवजी एकाएकी पिष्टाचा लोंढा आला म्हणजे लॅक्टिक आम्ल निर्माण करणारे जिवाणू बेसुमार वाढतात, कडबा पचविणारे जिवाणू मरतात, कोठीपोटाच्या अस्तराला इजा होते आणि मेलेल्या जिवाणूंच्या अंगातील विष रक्तात उतरते.

गोठ्यातील हे उदाहरण प्रथम घेण्याचे कारण असे की, माणसाच्या मोठ्या आतड्यातही ह्याच प्रकारचा, पण आकाराने पुष्कळच लहान असा एक कारखाना चालू असतो. त्या कारखान्याचा मधुमेहाशी निकटचा संबंध आहे, असे गेल्या सुमारे वीस वर्षांतील संशोधनावरून दिसून आले आहे. हा संबंध किती, कोणत्या प्रकारचा आणि त्याचा आपल्या ताटाशी काय संबंध पोहोचतो, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घेणे आवश्यक आहे. कारण ह्याच विषयावर बाजारात अर्धवट माहिती विकली जाऊ लागली असून तिच्यापायी होणारे नुकसान प्रस्तुत लेखकाने प्रत्यक्ष पाहिले आहे. ती हकीकत पुढे येईलच.

मधुमेह हा शहरातील बैठ्या लोकांचा आजार, शेतात राबणाऱ्याला त्याचे भय नाही, ही समजूत आता सोडून दिली पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणे देशातील प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख लोकांना, मधुमेह आहे. आणखी १५.३ टक्के लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. प्रत्यक्ष मधुमेहाचे प्रमाण शहरांत अधिक आहे हे खरे; परंतु उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांचे प्रमाण खेड्यांत व शहरांत जवळजवळ सारखे आढळले. बांध फुटलेला नाही, पण पाणी बांधाला लागले आहे, असा ह्याचा अर्थ.

अंगाने सडपातळ असणे हेही आपल्याकडे पुरेसे संरक्षण नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता व त्यांची मुले ह्यांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो. मात्र ही घट मुख्यतः स्नायूंत व पोटातील अवयवांत होती. अंगावरची चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. दिसायला बारीक, पण आत चरबी बाळगणारे असे हे शरीर जन्मापासूनच असते, आणि पुढे भाताचे ताट, चहातली साखर व मोटारसायकल ह्यांची त्यात भर पडते.

ज्याला दुसऱ्या प्रकारचा मधुमेह म्हणतात, त्यात स्वादुपिंड इन्शुलिन तयार करीत असते, परंतु स्नायू, यकृत व चरबी त्या इन्शुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाहीत. रक्तातील साखर पेशींत शिरेनाशी होते. स्वादुपिंड काही वर्षे जास्त इन्शुलिन पाझरून वेळ निभावते, मग तेही थकते. आनुवंशिकता, वय, पोटावरील चरबी, कष्टांचा अभाव, आहार ही ह्याची जुनी व सिद्ध झालेली कारणे होत. आतड्यातील जिवाणू हे त्यांत नव्याने जोडले गेलेले कारण आहे. ते जुन्या कारणांच्या जागी आलेले नाही, हे ध्यानात ठेवावे.

आतड्यात जिवाणू असतात ही गोष्ट नवी नव्हे. १८८५ मध्ये थिओडोर एशेरिश ह्या वैद्याने तान्ह्या मुलांच्या विष्ठेतून एक जिवाणू वेगळा काढला व तो आज त्याच्याच नावाने ओळखला जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील मेचनिकॉफ ह्या शास्त्रज्ञाने बल्गेरियातील शेतकरी दही खातात म्हणून दीर्घायुषी होतात, असे मत मांडले होते. त्याला १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते दह्यासाठी नव्हे! शरीरातील पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात, ह्या शोधासाठी ते होते. दह्याविषयीचे त्याचे मत मात्र त्याच्या कीर्तीच्या बळावर फार दूरवर पसरले. माणसाच्या शरीरात एकंदर सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असून त्यांचे वजन पावशेराच्याही आत, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम भरते, असा हिशेब इस्रायलमधील शास्त्रज्ञांनी २०१६ साली मांडला. माणसाच्या स्वतःच्या पेशींच्या दसपट जिवाणू असतात, असे पूर्वी सर्रास छापले जात असे. ते प्रमाण जवळपास बरोबरीचे आहे.

हे जिवाणू खातात काय? भाताचे किंवा मैद्याचे पिष्ट बहुतेक सारे लहान आतड्यातच पचून साखरेच्या रूपाने रक्तात जाते. खाली मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतो तो चोथा: धान्याचा कोंडा, डाळींची साले, भाज्यांचे तंतू, आणि पिष्टाचा न पचलेला थोडा अंश. माणसाच्या पाचकरसांना जो चोथा फोडता येत नाही, तो जिवाणू आंबवितात आणि त्यातून ॲसेटिक, प्रोपिओनिक व ब्युटिरिक अशी तीन आम्ले निर्माण होतात. गाईच्या कोठीपोटात होतात ती हीच तीन आम्ले. फरक इतकाच की गाय त्यांच्यावर जगते आणि माणसाला त्यांतून फार तर दहा टक्के शक्ती मिळते. परंतु माणसाच्या बाबतीत त्यांचे महत्त्व इंधन म्हणून नसून निरोप्या म्हणून आहे. ब्युटिरिक आम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य अन्न होय. ह्या आम्लांचा स्पर्श झाल्यावर आतड्यातील विशिष्ट पेशी रक्तात असे द्रव्य सोडतात की, जे स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडण्याची सूचना देते आणि मेंदूला पोट भरल्याची जाणीव देते.

चोथा आलाच नाही तर काय होते, हे पाहण्यासाठी मिशिगन विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी उंदरांना चोथारहित अन्न दिले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात असे दिसले की, उपाशी जिवाणू आतड्याच्या अस्तरावरील बुळबुळीत थर, म्हणजे श्लेष्माच, खाऊ लागले व तो थर पातळ झाला. वैरण संपली की जनावर गव्हाणीची लाकडे कुरतडते, त्यातलाच हा प्रकार. थर पातळ झाला म्हणजे जिवाणूंच्या अंगातील विष थोडेथोडे रक्तात झिरपू शकते. फ्रान्स व बेल्जियममधील संशोधकांनी २००७ साली उंदरांच्या रक्तात असे विष अगदी अल्प प्रमाणात सतत सोडून पाहिले, तेव्हा त्यांच्या शरीरात मंद दाह सुरू झाला, वजन वाढले आणि इन्शुलिनची मात्रा चालेनाशी झाली. पंगतीचे उष्टे खाल्लेल्या गाईच्या पोटात एका रात्रीत जे घडते, तसलेच काही माणसाच्या बाबतीत वर्षानुवर्षे हळूहळू घडत असावे, असा तर्क ह्यावरून करता येतो. माणसातील पुरावा मात्र उंदरांइतका सरळ नाही, आणि उपमा ही उपमाच असते.

जिवाणूंचा शरीराच्या चयापचयावर परिणाम होतो हे प्रथम ठळकपणे दाखविणारा प्रयोग अमेरिकेत सेंट लुईस येथे जेफ्री गॉर्डन ह्यांच्या प्रयोगशाळेत झाला व २००४ साली प्रसिद्ध झाला. जन्मापासून निर्जंतुक पिंजऱ्यात वाढविलेल्या उंदरांच्या आतड्यात इतर उंदरांचे जिवाणू सोडण्यात आले. दोन आठवड्यांत, पूर्वीपेक्षा कमी अन्न खाऊनही, त्यांच्या शरीरातील चरबी सुमारे साठ टक्क्यांनी वाढली आणि इन्शुलिनचा परिणाम मंदावला. येथे वाचकाला कोडे पडेल. जिवाणूंमुळे चरबी वाढते, तर मग त्यांना चोथा घालून पोसावयाचे कशाला? उत्तर असे की, जिवाणूरहित राहणे माणसाला शक्य नाही. जिवाणू असणारच; प्रश्न कोणते असावेत व त्यांना काय खावयास मिळावे एवढाच आहे. तणही जमिनीतूनच उगवते, म्हणून कोणी जमीन टाकून देत नाही.

पुढचा टप्पा प्रत्यक्ष रोग्यांच्या तपासणीचा. २०१२ साली चीनमधील ३४५ व्यक्तींच्या विष्ठेतील जिवाणूंची तपासणी प्रसिद्ध झाली. मधुमेहींच्या आतड्यात ब्युटिरिक आम्ल तयार करणारे जिवाणू कमी आढळले. पुढच्याच वर्षी स्वीडनमधील संशोधकांनी सत्तर वर्षे वयाच्या १४५ स्त्रियांची तशीच तपासणी केली व ब्युटिरिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंची तूट तेथेही दिसली. तथापि इतर बाबतींत दोन्ही देशांचे निष्कर्ष जुळेनात. चीनमध्ये जे जिवाणू मधुमेहाची खूण ठरले, ते स्वीडनमध्ये खूण ठरत नव्हते.

हा घोटाळा कसा उलगडला ते थोडे विस्ताराने सांगण्यासारखे आहे, कारण शेतावर चाचणी घेणाऱ्या प्रत्येकाला त्यातून घेण्याजोगे पुष्कळ आहे. समजा, आपण एका गावातील करपा पडलेली शेते व निरोगी शेते ह्यांच्या मातीची तुलना केली आणि करपा पडलेल्या शेतांत तांबे अधिक आढळले. तांब्यामुळे करपा पडतो असे म्हणावयाचे काय? मुळीच नाही. करपा दिसला म्हणून शेतकऱ्याने बोर्डो मिश्रण फवारले आणि तांबे त्यातून आले. मधुमेहींच्या बाबतीत नेमके हेच झाले होते. त्यांच्यापैकी बरेच जण मेटफॉर्मिन नावाच्या गोळ्या घेत होते. डेन्मार्क, स्वीडन व चीन येथील एकूण ७८४ व्यक्तींची माहिती एकत्र करून व गोळी घेणारे आणि न घेणारे वेगळे काढून पाहिले, तेव्हा २०१५ साली असे निष्पन्न झाले की, जे बदल मधुमेहाचे म्हणून सांगितले जात होते त्यांतील बरेचसे गोळीचे होते. गोळी न घेणाऱ्या रोग्यांत उरलेली खूण एकच महत्त्वाची: ब्युटिरिक आम्ल करणारे जिवाणू कमी.

मेटफॉर्मिनची कुळकथाही कृषी पत्रिकेत शोभण्यासारखी आहे. युरोपात गॅलेगा नावाची एक द्विदल वनस्पती आहे. मेंढ्यांनी ती अधिक खाल्ली तर त्यांना विषबाधा होते. परंतु तिच्यातील एका द्रव्याने रक्तातील साखर उतरते असे आढळले, व त्याच वर्गातील सौम्य रसायन म्हणजे मेटफॉर्मिन होय. फ्रान्समधील झाँ स्टर्न ह्या डॉक्टरांनी ते रोग्यांना देऊन १९५७ साली आपले अनुभव प्रसिद्ध केले. ही गोळी यकृतावर काम करते एवढेच दीर्घकाळ ठाऊक होते. परंतु ती रक्तापेक्षा आतड्यात कितीतरी पट अधिक साठते. २०१७ साली असे दाखविण्यात आले की, मेटफॉर्मिन घेणाऱ्या रोग्यांच्या आतड्यातील जिवाणू निर्जंतुक उंदरांत सोडले असता त्या उंदरांची साखर पचविण्याची शक्ती सुधारते. म्हणजे सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी ही साधी गोळी आपल्या कामाचा काही भाग आतड्यातील जिवाणूंच्या हस्ते करून घेते. जिवाणूंचा उपचार हवा म्हणून गोळी टाकून देणाऱ्यांनी एवढी गोष्ट तरी ऐकून ठेवावी.

जिवाणू बदलून माणसाचा मधुमेह सुधारतो काय? ॲमस्टरडॅम येथील डॉक्टरांनी ह्याचा थेट प्रयोग केला. स्थूल व इन्शुलिनला दाद न देणाऱ्या पुरुषांच्या आतड्यात सडपातळ निरोगी व्यक्तींच्या विष्ठेतील जिवाणू नळीने सोडण्यात आले. (वाचून किळस येईल, परंतु रवंथ न करणाऱ्या जनावराला निरोगी जनावराच्या पोटातील रस पाजण्याची पद्धत पशुवैद्यकांत आहेच.) २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे सहा आठवड्यांनी त्यांच्यावर इन्शुलिनचा परिणाम सुधारला. पुढे २०१७ साली अधिक लोकांवर तोच प्रयोग केला, तेव्हा अठरा आठवड्यांनंतर सुधारणा नाहीशी झाली होती. बी पेरले, ते उगवले, पण जमिनीत त्याला पोसणारे काही नसल्यामुळे टिकले नाही, असे ह्याचे वर्णन करता येईल.

शांघाय येथील झाओ लिपिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट मार्ग धरला. त्यांनी बाहेरून जिवाणू दिले नाहीत. आहेत त्यांना चारा दिला. ४३ मधुमेही रोग्यांपैकी काहींना नेहमीचा पथ्याचा आहार व काहींना भरड धान्ये आणि निरनिराळ्या प्रकारचा चोथा विपुल असलेला आहार बारा आठवडे दिला. औषध दोन्ही गटांना सारखेच चालू होते. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी जी रक्ततपासणी असते, तीत सात टक्क्यांखाली येणाऱ्यांचे प्रमाण चोथ्याच्या गटात ८९ टक्के व दुसऱ्या गटात ५० टक्के भरले. चोथा मिळाल्यावर आम्ले तयार करणाऱ्या जिवाणूंचे पंधरा वाण जोमाने वाढले, आणि ज्यांच्या आतड्यात ते अधिक वाढले त्यांची साखर अधिक सुधारली. हा अहवाल २०१८ चा. रोग्यांची संख्या लहान आहे हे खरे, परंतु औषध चालू ठेवून आहार बदलण्याचा हा मार्ग आपल्या गावात कोणालाही अनुसरता येण्याजोगा आहे.

सर्व काही इतके सरळ नाही, हेही सांगितले पाहिजे. प्रेव्होटेला नावाच्या जिवाणूंचे एक कुळ आहे. स्वीडनमध्ये निरोगी माणसांना तीन दिवस सातूच्या दाण्यांचा पाव दिला, तेव्हा ज्यांची साखर त्यामुळे सुधारली त्यांच्या आतड्यात हे प्रेव्होटेला अधिक आढळले. तो निष्कर्ष २०१५ चा. पुढच्याच वर्षी डेन्मार्कमधील संशोधकांनी ह्याच कुळातील एका जिवाणूवर इन्शुलिनचा परिणाम मंदावण्याचा आरोप ठेवला. आता, २०१९ साली भोपाळ व केरळ येथील लोकांची तपासणी प्रसिद्ध झाली, तीत भोपाळकडील शाकाहारप्रधान व धान्यप्रधान आहार घेणाऱ्यांच्या आतड्यात प्रेव्होटेलाचेच राज्य दिसले. तेव्हा ज्या जिवाणूला एका देशात मित्र व शेजारच्या देशात शत्रू म्हटले गेले, तो आपल्याकडे घरचाच आहे. एकाच कुळात अनेक वाण असतात व खाद्याप्रमाणे त्यांचे वर्तन बदलते, असे दिसते. अमुक जिवाणू चांगला व तमुक वाईट अशी यादी दाखवून विष्ठेची महागडी तपासणी करून घ्या, असा सल्ला कोणी दिल्यास तूर्त त्यावर खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाचदहा वर्षांनी हे मत कदाचित बदलावे लागेल.

आता हकीकत सांगतो. भीमेकाठच्या एका गावी, जेथे पूर्वी शाळू होई व आता उसाशिवाय दुसरे पीक दिसत नाही, पीक पाहणीसाठी जाणे झाले. एका बागाईतदाराच्या ओसरीवर बसलो असता त्यांच्या उजव्या पायाला फडके गुंडाळलेले दिसले. विचारले तर म्हणाले, “काही नाही साहेब, चप्पल लागली. दुखत बी नाही.” दुखत नाही हेच वाईट होते. आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “साखरेच्या गोळ्या चार महिन्यांपासून बंद केल्यात मालकांनी. बाजारातून पूड आणलीया.” डब्यावर उपकारक जिवाणू, आतड्याची शुद्धी, मधुमेह मुळापासून बरा असे छापलेले होते. किंमत पाहून मी गप्प राहिलो. तेवढ्यात वर्षभराची मटकी व हरभरा आला असता. त्यांना त्याच दिवशी तालुक्याला नेले. साखर चारशेच्या वर होती. जखम आत हाडापर्यंत गेली होती. पायाची दोन बोटे काढावी लागली. पूड विकणारा पुढच्या बाजाराला दुसऱ्या गावी बसलेला होता.

जिवाणूंच्या पुडीत काहीच तथ्य नाही, असे नाही. बेल्जियममध्ये अकरमान्सिया नावाच्या जिवाणूची पूड स्थूल व्यक्तींना तीन महिने देऊन पाहण्यात आली, आणि इन्शुलिनचा परिणाम काहीसा सुधारला. मौज अशी की, उष्णतेने मारलेला जिवाणू जिवंतापेक्षा अधिक उपयोगी ठरला. परंतु तो प्रयोग ३२ माणसांवरचा, २०१९ चा, आणि ती माणसे मधुमेही नव्हती. कोणत्याही पुडीने मधुमेह मुळापासून बरा होतो असे आजवर सिद्ध झालेले नाही, आणि गोळ्या वा इन्शुलिन बंद करावयाचे की नाही हे ठरविणे डॉक्टरांचे काम आहे.

मग आपल्या स्वयंपाकघरात काय करावे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रौढांसाठी दररोज निदान २५ ग्रॅम चोथा सुचविला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने केलेल्या पृथक्करणाप्रमाणे शंभर ग्रॅम बाजरी, नाचणी किंवा चाळून कोंडा न काढलेली कणीक ह्यांत सुमारे ११ ग्रॅम, ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो. सडलेल्या पांढऱ्या तांदळात व मैद्यात तो तीन ग्रॅमांच्याही आत असतो. अख्ख्या हरभऱ्यात तो सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे वरील धान्यांच्या दुपटीहून अधिक. एका ताटात भाकरी, उसळ व पालेभाजी असली की हिशेब सहज जुळतो. ज्वारी-बाजरीचे क्षेत्र घटले, रेशनवर गहू व तांदूळ मिळू लागले, आणि लग्नाच्या ताटातून भाकरी हद्दपार झाली. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे म्हणून जाहीर केले तेव्हा गावोगाव प्रदर्शने भरली, पण नाचणीची बिस्किटे साखर घालून विकली गेली, ह्याला काय म्हणावे?

भाकरीविषयी एक गैरसमज मात्र काढून टाकला पाहिजे. ज्वारी ही मधुमेहाचे औषध नव्हे. भाकरीतही पिष्टच मुख्य असते, आणि पाच भाकरी खाणाऱ्याची साखर चढणारच. भाकरीचा आकडा कमी करून त्या जागी उसळ व भाजी वाढविणे, ह्यात खरा लाभ आहे. निरनिराळ्या जिवाणूंना निरनिराळा चोथा लागतो, म्हणून मटकी, हुलगा, चवळी, वाल, गवार, शेवग्याचा पाला, अंबाडी असा पालट ठेवावा. ताक अवश्य प्यावे; ते उन्हात उपयोगी आहे व साखर घातलेल्या पेयापेक्षा शतपटीने बरे. मात्र दह्यातील जिवाणू बहुधा आतड्यात वस्ती करीत नाहीत, पाहुण्यासारखे येऊन जातात.

चोथा एकदम वाढवू नये. जनावराची वैरण बदलताना आपण आठवडा-दोन आठवडे जुन्यात नवे मिसळतो, तसेच येथेही करावे. नाहीतर पोट फुगते व माणूस दुसऱ्याच दिवशी भाताकडे वळतो. जे रोगी इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरविणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी आहार बदलण्याआधी डॉक्टरांना सांगावे, कारण औषधाची मात्रा कमी करावी लागण्याचा संभव असतो. घाम सुटणे, हात थरथरणे, एकाएकी गोंधळल्यासारखे होणे ही साखर उतरल्याची चिन्हे होत. अशा वेळी ताबडतोब साखरेचे पाणी द्यावे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डाळी वाढविण्यापूर्वी विचारून घ्यावे.

चोथा कमी असलेल्या आहाराचे परिणाम एका पिढीपुरते राहतीलच असे नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांच्या चार पिढ्यांना चोथा कमी असलेले अन्न दिले, तेव्हा प्रत्येक पिढीत जिवाणूंच्या काही जाती नाहीशा होत गेल्या. नंतर चोथा दिला तरी हरवलेल्या जाती परत आल्या नाहीत. त्या बाहेरून पुन्हा सोडाव्या लागल्या. गावठी वाणाचे बियाणे एकदा घरातून गेले की पुढे कितीही शोधले तरी मिळत नाही, हा अनुभव ज्यांना आहे त्यांना ह्याचे गांभीर्य निराळे सांगावयास नको.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तीस वर्षांवरील प्रत्येकाला प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात रक्तातील साखर तपासून घेण्यास सांगावे. उपाशीपोटी १०० च्या आत असली तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. १२६ किंवा त्याहून अधिक आल्यास ती पुन्हा तपासून निदान पक्के करून घ्यावे. उंबरठ्यावरील माणसालाच आहार व रोजचे चालणे ह्यांचा सर्वांत अधिक लाभ होतो, आणि नेमका तोच माणूस मला काही होत नाही म्हणून तपासणीला येत नाही. आशा सेविकांची यादी व कृषी सहायकांच्या गटांची यादी एकत्र ठेवली तर अशी माणसे हंगामाच्या सभेतच गाठता येतात. वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होण्याचा संभव असतो, विशेषतः जे दूध, अंडी, मांस फारसे घेत नाहीत त्यांच्यात. पायाला मुंग्या येणे व बधिरपणा ही त्याची लक्षणे मधुमेहाच्या लक्षणांसारखीच असल्यामुळे ती नजरेतून सुटतात. अशा वेळी गोळी बंद न करता ब-१२ ची तपासणी करून घ्यावी.

वर उल्लेखिलेले बागाईतदार पुढे बरे झाले. गोळ्या पुन्हा सुरू आहेत. रोज रात्री झोपण्यापूर्वी त्यांच्या पत्नी कंदिलाऐवजी आता मोबाइलच्या उजेडात त्यांचे दोन्ही तळपाय पाहतात, आणि घरामागच्या दहा गुंठ्यांत ऊस मोडून त्यांनी ह्या वर्षी शाळू पेरला आहे.